भेगांतली पांढर

करंजसांगवीच्या वेशीबाहेर, डाव्या हाताला, पांढऱ्या मातीचा एक उंचवटा आहे. चहूकडे काळीभोर जमीन आणि मधेच हा ढीग, जणू कुणी पिठाची रास ओतून विसरून गेले आहे. पावसाळ्यात भोवतालची माती पायाला गोळ्यागोळ्याने चिकटते, या ढिगावरून मात्र पाणी सरळ वाहून जाते. नवीन माणूस हमखास विचारतो, इथे चुन्याची भट्टी होती का? रंगनाथ गुरव नुसती मान हलवतो, पाहुण्यांना तिथल्या निंबाखाली बसवतो आणि आधी त्यांच्या टाचांकडे बघतो. टाचा बघितल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. पाहुणे ओशाळतात, पाय आखडून घेतात.

"घ्या, असेच आखडले होते सगळ्यांनी," असे म्हणून तो सांगायला लागतो.

पांढरे म्हणजे नुसता रंग नव्हे, इथून त्याची सुरुवात असते. ज्या जमिनीत पिकते ती काळी आणि ज्या जमिनीवर गाव राहते ती पांढर. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडतात, त्यांच्यावर नव्या उभ्या राहतात, चुलीची राख मुरत जाते आणि माणसाच्या राहण्यानेच म्हणे माती पांढरी होते. म्हणून पांढरीला नारळ फोडला म्हणजे गावाला फोडला. शाळूचा दाणा पांढरा असला तर बाजारात मान वर. भ्यालेला माणूस पांढराफटक. नवरा गेला की बाईचे कपाळ पांढरे. आणि जी सून घरात आली नि घराचे वाईट झाले, ती पांढऱ्या पायाची. आसपासच्या गावांत ही शिवी आहे. करंजसांगवीत ती कुणी देत नाही, आणि का देत नाही, तीच ही हकिगत.

फार जुनी गोष्ट. निजामाचा अंमल होता की त्याच्याही आधीचा काळ, हे नक्की कुणी सांगत नाही. तेव्हा गाव इथे नव्हते, खाली नदीच्या वळणावर होते. एका उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी पाणी शेंदायला गेलेली बाई दुपारी उचलावी लागे. घरेच्या घरे ओस पडली. उरलेली माणसे जे हाताला लागले ते घेऊन वर माळाकडे निघाली. भांडीकुंडी घेतली, गुरे घेतली, मारुती मात्र जागेवरून हलला नाही, तो तिथेच राहिला. जमिनीखालच्या पेवांत साठवलेले धान्यही तिथेच राहिले, कारण पेव उघडायला कुणाला धीर नव्हता.

माळावर आल्यावर नेमाजी पाटलाने सगळ्यांना गोळा केले आणि बेलभंडारा उचलायला लावला. जुन्या पांढरीत पुन्हा कुणी पाऊल टाकायचे नाही. टाकले तर मरी पायाला चिकटून इकडे येईल. जो जाईल त्याला शिवेबाहेर घालवायचे आणि त्याचे घर वाळीत टाकायचे. सगळ्यांनी भंडारा कपाळाला लावला. शपथ मोडली तर लपणेही अवघड होते. नव्या गावाभोवती सगळी काळी माती, नाहीतर तांबडा मुरूम. पांढरी धूळ कुठून आणायची म्हटली तरी एकच जागा होती.

पण नव्या जागेत गाव काही रुजेना. काळ्या मातीच्या भिंती उन्हाळ्यात तडकत, पावसाळ्यात फुगत. मातीची सपाट छपरे, धाबी, गळत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पेवे. काळ्या जमिनीत खणलेली पेवे आतून ओल धरू लागली. तिसऱ्या वर्षी पेवे उघडली, तर शाळूचे काळे ढेकूळ वर आले. वास असा की बैलांनी तोंड फिरवले. खायला कसेबसे निघाले असते, पण पेरणी तोंडावर आली होती आणि बियाला एक दाणा धड नव्हता.

त्याच दिवसांत पावले दिसू लागली.

सकाळी बाया सडा टाकायला बाहेर आल्या, की कुणाच्या तरी बोळात अस्पष्ट पांढरी बोटे उमटलेली असत. कधी गुरांच्या गोठणीपाशी, कधी पाणवठ्याच्या वाटेवर. एक माग तर सरळ एका भिंतीपाशी जाऊन संपला होता, पुढे नाही, मागे नाही. गावाने बोलणे कमी केले आणि एकमेकांच्या पायांकडे बघणे सुरू केले. बाया पाणवठ्यावर घागर बुडवण्याआधी पाय धुऊ लागल्या. नेमाजी पाटलाने टाच झाकणारा जोडा करून घेतला. कुणी वाकून नमस्कार केला, तर तो पाया पडतो आहे की पाय बघतो आहे, हेच कळेना.

असे झाले की गाव आधी नव्या माणसाकडे बघते. नवे माणूस होते भिवराबाईच्या घरात.

भिवराबाईचा नवरा पटकीत गेला होता. बेलभंडारा उचलताना तिचा हात सगळ्यांच्या पुढे होता, असे सांगतात. एकुलता एक मुलगा मल्हारी, त्याचे लग्न तिने पेवे उघडायच्या थोडे आधी लांबच्या गावच्या गोजराशी लावून दिले. पोर कामाला वाघीण, पण गप्प. विचारले तेवढेच बोलायची. सासूला गप्प सून आवडते म्हणतात, पण ते गाव सुखात असताना. त्या दिवसांत गप्प माणूस म्हणजे काहीतरी दडवणारा माणूस.

पाणवठ्यावर शेजारच्या ठकूबाईने पहिल्यांदा खडा टाकला.

"भिवराकाकू, सून आली आणि पेवं नासली. मी काही म्हणत नाही बाई, नुसतं आठवलं."

"पेवं तुझीपण नासली ठके. तुझ्या घरात कोण आलं?"

"आमच्याकडं कोण येतंय? माझी सून जुनी झाली. पण बाई, काहींचे पायच पांढरे असतात."

भिवराबाईने घागर उचलली आणि वाटेला लागली. पण तो शब्द तिच्याबरोबर घरापर्यंत आला, आणि उंबऱ्यापाशी येऊन तिने खाली बघितले. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, अंगठ्याएवढा, पांढरा डाग होता.

तिने पदराच्या टोकाने तो पुसला. मग शेण कालवून उंबरा सारवला. मग चुलीपाशी बसून तिला कळले की आपण पुसला, म्हणजे आपणही त्यात सामील झालो.

त्या दिवसापासून भिवराबाई सुनेवर नजर ठेवू लागली. तांबडे फुटायच्या वेळेला गोजरा उठते, पाटी घेते, शेण्या वेचायला जाते म्हणते. येते तेव्हा पाटीत शेण्या असतात, पण थोड्याच. आणि येताना ओढ्याला वळसा घालून येते. पाय ओले असतात. शेण्या वेचणाऱ्या बाईला पाय धुवायचे काय कारण? एकदा दुपारी सून शेतावर गेलेली बघून भिवराबाईने उतरंड उतरवली. सगळ्यांत खालच्या मडक्यात हात घातला आणि हात तसाच राहिला. आत शाळू होता. पांढरा, टपोरा, कोरडा. अशा दाण्याला हात लावून तिला वर्षे झाली होती. मडक्याच्या मागे एक चिंधी होती, ओली, गाठ मारलेली. सोडली, तर आत मूठभर दाणे.

आयुष्य शेतात गेलेली बाई. एरवी तिला लगेच उमगले असते की कुणीतरी दाणे भिजवून ते उगवतात का बघत आहे. पण मनात संशय बसला होता, म्हणून तिला बी दिसले नाही, करणी दिसली. तिने चिंधीला पुन्हा तशीच गाठ मारली आणि उतरंड रचून ठेवली. हात मात्र राखेने तीनतीनदा घासले.

हा शाळू आला कुठून? सुनेने चोरला म्हणावे, तर गावात कुणाकडे असा दाणाच नव्हता. कुणी दिला म्हणावे, तर कोणी आणि कशाच्या बदल्यात? मल्हारीला विचारावे, तर तो बायकोच्या बाजूचा. भिवराबाईने कुणालाच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी गोजरा पाटी घेऊन निघाली, तेव्हा ती बाभळींच्या आडून तिच्या मागे चालू लागली.

वाट नदीकडे उतरली. माळ संपला, काळी रानेही मागे पडली आणि पायाखालची माती हळूहळू फिकट झाली. भिवराबाई थांबली. पुढे पाऊल टाकले की शपथ मोडणार होती. सून तर पडक्या भिंतींमधून अशी चालली होती, जणू माहेरच्या अंगणातून चालली आहे. भिवराबाईने मारुतीचे नाव घेतले आणि पाऊल टाकले. माती कोरडी होती, मऊ होती. तिच्या टाचांना मोठमोठ्या भेगा होत्या. त्या भेगांत पांढर गेली, तशी ती शहारली म्हणे. ती भीतीने शहारली की आणखी कशाने, हे तिलाच कळले नाही.

पुढचे तिने भिंतीआडून बघितले. गोजरा एका पडक्या घराच्या ओसरीत गुडघ्यांवर बसली. तिने जमिनीवरचा चपटा दगड सरकवला, पणती पेटवली, दोरीला बांधली आणि ती पणती हळूहळू जमिनीत सोडू लागली. उजेड खाली खाली गेला. गोजरा वाकून बघत राहिली. बाई जमिनीला दिवा भरवते आहे, असे भिवराबाईला वाटले. मग दिसले की ओसरी आपलीच आहे. खांबाचा दगड आपल्या धन्याने टाकी मारून बसवलेला. आणि तो चपटा दगड म्हणजे आपल्या पेवाचे तोंड. बंद पेवात हवा विषारी होते, म्हणून उतरण्याआधी दिवा सोडतात. विझला तर उतरायचे नाही. तिचा धनी असाच दिवा सोडत असे.

दिवा विझला नाही. गोजरा आत उतरली. भिवराबाई पेवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"किती भरलंस?"

आत दाण्यांची सळसळ थांबली. मग गोजराचा चेहरा वर आला, पांढराफटक.

"आत्याबाई."

"वर ये. बेलभंडारा माहीत होता का तुला?"

"माहीत होता."

"मग?"

गोजराने पाटी वर ढकलली आणि स्वतः काठावर बसली.  मग म्हणाली, "तुम्हीच सांगत होता जात्यावर. आमचा शाळू पेवात तसाच राहिला, दाणा असा होता, तसा होता. मी ऐकलं. आता पेरायला काय पेराल आत्याबाई, भंडारा?"

भिवराबाईने हात उगारला होता, असे सांगतात. तो खाली आला, पण सुनेच्या गालावर नाही. तिने पाटीतले दाणे ओंजळीत घेतले आणि चिंधीची गाठ आत्ता तिच्या डोक्यात सुटली.

"उगवले?"

"सगळे."

परत फिरताना भिवराबाईचे डोळे चहूकडे फिरत होते. संशयाची सवय लागली की ती लगेच सुटत नाही. आणि तिला दिसू लागले. ठकूबाईच्या जुन्या घराची भिंत नव्यानेच खणली होती. मारुतीला ताजा शेंदूर होता. चिंचेखालच्या एका लहानशा ढिगाऱ्यावर पणती होती आणि तिच्यात तेल होते. शेजारी पानाची पिंक होती, ती ओली होती. गावात रोज पान खाणारा एकच माणूस. 

वेशीपाशी राखणीला बसलेल्या जागल्याने त्यांना अडवले. सासू-सून दोघी, पाटीवर शेण्या, शेण्यांखाली काय ते त्याने बघितले नाही, पण परक्या गावच्या म्हणून गोजराच्याच पायांकडे बघितले. ओढ्याला वळसा घालायचा त्या दिवशी दोघी विसरल्या होत्या. दुपारी पारावर सगळे गाव जमले. गोजराने तोवर पाय राखेने घासून लख्ख केले होते, पण जागल्याने बघितले ते बघितले.

नेमाजी पाटील पारावर बसला. तोंडात पान, पायांत जोडा.

"भिवरा, मी तुला ओळखतो. तू शपथ मोडणार नाहीस. पण सून परक्या गावची. तिला शिवेबाहेर घाल, तुझं घर राहील. नाहीतर घरासकट वाळीत जाशील. पेरणी तोंडावर आहे, तुझ्या तिफणीला कुणी हात लावणार नाही."

"पांढऱ्या पायाची!" मागून कुणीतरी म्हणाले. मल्हारी वळला, तर सगळे आकाशाकडे बघत होते.

भिवराबाई सुनेकडे बघत राहिली. घर एका बाजूला आणि ही गप्प पोर दुसऱ्या बाजूला. हो म्हटले असते तर गावाने तिला शहाणी म्हटले असते. तिने पदर खोचला.

"पाटील, माझ्या सुनेला घालवायचं तर घालवू. पण न्याय पाय बघून करायचा ना? मग सगळ्यांचे बघा. आणि नुसते पाय नको, पाय सगळेच धुऊन आलेत. टाचा बघा. पांढर अंगावरची धुऊन जाते, भेगांतली जात नाही."

आणि ती पारापुढे जमिनीवर बसली, पाय लांब केले आणि टाचा गावाकडे केल्या. भेगाभेगांत पांढऱ्या रेघा होत्या. 

"मी आजच गेले होते," भिवराबाई म्हणाली. "आता दुसरं कोण दाखवतंय? ठके, तू ये."

"माझे कशाला?" ठकूबाईने लुगड्याचा काठ पायांवर ओढला. "माझे पाय दुखतात."

"दुखणारच. भिंत खणायची म्हणजे सोपं काम आहे का?"

कुणीतरी फस्सकन हसले. ठकूबाई खाली बसली आणि रडायलाच लागली. "धाबं गळतंय गं माझं! काळ्या मातीनं कुठं पाणी थांबतंय? दोन पाट्या आणल्या, दोनच!" तिच्या टाचांच्या भेगा चुन्याने भरल्यासारख्या दिसत होत्या. मग कुणाला बोलवावे लागले नाही. लिंबाजी गुरवाने आपणहून पाय पुढे केले, कारण शेंदूर त्यानेच लावला होता. जागल्याच्या टाचा पांढऱ्या. कारभाऱ्याच्या पांढऱ्या. कुणी गळके धाबे लिंपायला गेला होता, कुणी म्हाताऱ्याच्या आठवणीने ओसरीत बसायला. जो तो चोरून गेला होता आणि प्रत्येकाला वाटले होते की आपण एकटेच.

शेवटी सगळे पारावर बघू लागले. पाटील हलला नाही. मग त्याने एक जोडा काढला, मग दुसरा. टाचा दाखवायची गरज उरली नव्हती. जोड्यांतूनच धूळ सांडली.

"लेकरू एकटं होतं तिथं," तो म्हणाला. "चिंचेखाली. त्याला अंधाराची भीती वाटायची."

धाकटा मुलगा त्याचा पटकीत गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. पणतीचे गावात कुणालाच ठाऊक नव्हते, भिवराबाईने तेवढी आजच बघितली होती. भिवराबाईने मान खाली घातली.

आता फक्त गोजरा राहिली. जागल्याने तिच्या टाचा बघितल्या. तरण्या पोरीच्या टाचा, एक भेग नाही. स्वच्छ. सगळ्या गावात पांढर नसलेले पाय होते ते तिचेच. पाटलाने सुटकेचा श्वास घेतला आणि तो काही बोलणार, एवढ्यात ती गप्प राहणारी पोर बोलली.

"माझे स्वच्छ दिसतात ते कातडं कोवळं आहे म्हणून. मी रोज जाते. तुमची सगळ्यांची पेवं तिथं भरलेली आहेत. दाणा उगवतो. मी बघितलंय."

त्यानंतर पारावर कोण काय म्हणाले, याबद्दल दोन-तीन प्रकारे सांगतात. एवढे खरे की बेलभंडारा नदीत सोडला गेला. पेरणी जुन्या पेवांतल्या शाळूने झाली. आणि गावाने दंड म्हणून, की नवस म्हणून, प्रत्येक घरामागे ठरलेल्या पाट्या भरून जुन्या पांढरीतली माती डोक्यावरून अनवाणी वाहून आणली. ती वेशीबाहेर रचली आणि त्या ढिगातच नवी पेवे खणली. पहिल्या पेवात दिवा सोडायचा मान गोजराला दिला. त्या वर्षी मरी आली नाही म्हणे. आली असती तरी कुणी सांगितली नसती, असे रंगनाथ गुरवाची आई म्हणायची.

एक गोष्ट तेवढी मिटली नाही. सगळ्यांनी आपापल्या पावलांचा हिशोब दिला, कोण कुठून गेला, कुठून आला. भिंतीपाशी जाऊन संपणारा माग मात्र कुणीच आपला म्हटला नाही. बाया म्हणतात, ती पांढर स्वतःच आली होती, जागा बघायला. पुरुष म्हणतात, कुणीतरी खोटे बोलले. दोन्ही बाजू अजून आपापल्या मतावर आहेत.

आजही करंजसांगवीत नवी नवरी आली की तिला सरळ घरी नेत नाहीत. आधी या ढिगावर आणतात. सासू स्वतःचे पाय पहिल्यांदा पांढऱ्या मातीत घालते, मग सुनेचे, आणि दोघी हात धरून बोळातून घरापर्यंत जातात. ती पावले कुणी झाडत नाही, सारवत नाही. वाऱ्याने जातील तेव्हा जातील. लग्नाचे आवतण द्यायला गेले की "पांढऱ्या पायांनी या" असे म्हणतात, आणि परक्या गावचा माणूस ते ऐकून दचकतो. पेवे आता उरली नाहीत. त्यांच्या जागी खळगे आहेत, पण गुरव दर पेरणीआधी एका खळग्यात दिवा सोडतो.

ऐकून झाले की पाहुणे उठतात आणि बघतात तो काय, तिथे बसल्या बसल्या त्यांचे पाय, चपला, कपड्यांचे काठ पांढरे झालेले असतात. ते वाकून धूळ झाडू लागतात.

"झाडू नका," रंगनाथ गुरव म्हणतो. "झाडलं की संशय येतो."